केसांना केस जोडताना : हेअर एक्स्टेन्शन कुठलं घ्यावं, कसं बसवावं, कसं सांभाळावं

दोंडाईचा : लग्नसराई लागली की पार्लरात गर्दी होते आणि गावोगावच्या मोबाईलवर एकच रील फिरू लागतं. खांद्यापर्यंत केस असलेली मुलगी खुर्चीत बसते आणि मिनिटाभरात कमरेइतक्या केसांची नवरी होऊन उठते. हे केस कुठून आले, किती दिवस टिकतात, बोअरच्या पाण्यात त्यांचं काय होतं, तेल लावलं तर चालतं का, काढताना आपलेच केस तर उपटून येत नाहीत ना, यातलं रीलमध्ये काहीच नसतं. शिंदखेडा, शिरपूर, साक्री, शहादा भागातल्या मुली आता यासाठी धुळ्याला, नाशिकला जातात. नातेवाईक सुरतला असले तर गाडीत बसून थेट सुरत. एका बैठकीत काही हजार रुपये जातात. पैसे मोजण्याआधी ही माहिती वाचून घ्यावी.

नाव नवं, काम जुनं

एक्स्टेन्शन म्हणजे आपल्या केसांना बाहेरचे केस जोडणं. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. आजीच्या ट्रंकेत गंगावन असायचं. वेणी बारीक दिसत असेल तर त्यात ते मिसळायचं, खोप्यात किंवा अंबाड्यात आत घालायचं आणि रात्री काढून खुंटीला अडकवायचं. संगीत नाटकांत बायकांची कामं पुरुष करायचे, तेव्हाही रंगपटात गंगावन आणि केसांचे टोप लागायचेच. फरक एवढाच की गंगावन रोज काढून ठेवता यायचं. आताचे काही प्रकार दोन-चार महिने डोक्यावरच राहतात, आणि तक्रारी होतात त्या बहुतेक इथंच.

हे केस येतात कुठून

दारावर येणारा केसांचा फेरीवाला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बाया विंचरलेले केस पिशवीत किंवा भिंतीच्या फटीत साठवून ठेवतात आणि त्यावर तो पातेलं, डबा, पोरांना फुगे नाहीतर रोख पैसे देतो. या केसांचं पुढं काय होतं याचा विचार फारसा कोणी करत नाही. ते गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातात. तिथून पश्चिम बंगालमधलं मुर्शिदाबाद, कर्नाटकातल्या कोप्पळजवळचं भाग्यनगर अशा ठिकाणी बाया हातानं गुंता सोडवतात, लांबीप्रमाणे वेगळे करतात, धुतात. त्यातला बराच माल परदेशी जातो. चीनच्या हेनान प्रांतातलं शुचांग शहर तर केसांच्या टोपांच्या धंद्यासाठी जगभर ओळखलं जातं.

दुसरा मोठा साठा देवस्थानांचा. तिरुमलाला भाविक मुंडण करतात, ते केस देवस्थान लिलावात विकतं आणि त्याचं वर्षाचं उत्पन्न शंभर कोटींच्या वर जातं. या केसांना भाव जास्त मिळतो त्याचं कारण नीट समजून घ्यावं, कारण पार्लरवाली ‘रेमी’ हा शब्द वापरते तो याच्याशीच जोडलेला आहे. केसाला सूक्ष्म खवले असतात, माशाला असतात तसे, मुळाकडून टोकाकडे वळलेले. मुंडणात केस एकत्र कापले जातात, म्हणून सगळी मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला राहतात. खवले एका दिशेला असले की केस एकमेकांत अडकत नाहीत. यालाच रेमी म्हणतात. विंचरलेल्या केसांत मात्र मूळ-टोक सगळं उलटसुलट झालेलं असतं. मग कारखान्यात ॲसिडच्या पाण्यात घालून खवले काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानात तो केस रेमीपेक्षाही जास्त चमकतो. दहा-पंधरा धुण्यांत थर निघून गेला की केस गवतासारखा कोरडा होतो आणि गुंततो. मिरचीवर पाणी मारून रंग आणि वजन दाखवतात, त्यातलाच हा प्रकार.

कच्चे केस स्वस्तात सीमेपलीकडे जातात आणि इथल्या कारखान्यांना माल मिळत नाही, अशी धंद्यातल्या लोकांची तक्रार होती. त्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने मानवी केसांची निर्यात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. म्हणजे तेव्हा बंदी नव्हती, पण परवाना लागायचा. दारावर केस देणाऱ्या बाईच्या पातेल्याचा आकार मात्र त्यानं वाढला नाही. कोणाला पूर्ण वेणी कापून विकायची असेल तर ती फेरीवाल्याच्या अंदाजावर देऊ नये. दोन्ही टोकांना रबर लावून मग कापावी, इंचात मोजावी, काट्यावर वजन करावं आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. अखंड, न रंगवलेली, एका दिशेची लांब वेणी हा विंचरलेल्या गोळ्यापेक्षा फार वरच्या प्रतीचा माल आहे.

प्रकार

क्लिप-इन : पट्टीवर शिवलेले केस आणि त्याला बारीक चिमटे. सकाळी लावा, रात्री काढा. घरी पण लावता येतात. साखरपुडा, हळद, लग्न, फोटो एवढ्यापुरतंच हवं असेल तर याच्यापुढं जायची गरज नाही, हे स्पष्ट सांगायला पाहिजे. पार्लरवाली दुसरं काही सुचवत असेल तर का सुचवते ते विचारावं. नवरीच्या अंबाड्यासाठी तर क्लिपचेच केस वापरतात, आणि काही पार्लरं ते भाड्यानं देतात. भाड्याचे केस आधी धुतलेले आहेत का ते बघून घ्यावं.

टेप-इन : दोन चिकट पट्ट्यांच्या मध्ये आपल्या केसांची पातळ बट धरून दाबतात. तास-दीड तासात काम होतं. केस वाढले की पट्टी खाली सरकते, म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी काढून पुन्हा वर बसवावी लागते. केस चांगले असले तर तेच परत वापरता येतात. पातळ केसांना हा प्रकार बरा, कारण वजन पट्टीभर वाटलं जातं. तेलाशी मात्र याचं वैर आहे, ते पुढं येईल.

केराटिन बाँड : एकेका बटेच्या टोकाला केराटिनचा डिंक असतो, तो गरम चिमट्यानं वितळवून आपल्या केसांना चिकटवतात. पूर्ण डोक्याला शे-दीडशे बटा लागतात, तीन-चार तास बसावं लागतं. ३ ते ४ महिने टिकतं. दिसायला सगळ्यात नैसर्गिक, पण महाग, आणि काढायला हात शिकलेलाच लागतो.

मायक्रो रिंग : डिंक नाही, उष्णता नाही. मण्याएवढ्या धातूच्या कडीतून आपले केस आणि बाहेरची बट ओवून पक्कडीनं दाबतात. ६ ते ८ आठवड्यांनी कडी वर सरकवून घ्यावी लागते. आत सिलिकॉनचं अस्तर असलेली कडी मागावी, नुसत्या धातूनं केस कापले जातात. डोक्यात कड्या असताना एमआरआय काढायची वेळ आली तर आधी तिथल्या माणसाला सांगणं गरजेचं आहे. क्लिप असतील तर काढूनच जावं.

शिवलेली पट्टी : आपल्या केसांच्या डोक्यालगत घट्ट बारीक वेण्या घालून त्यावर केसांची पट्टी सुईदोऱ्यानं शिवतात. ही पद्धत मुळात आफ्रिकी वंशाच्या बायकांच्या दाट, कुरळ्या केसांसाठीची. आपल्याकडच्या सरळ, मऊ केसांवर ती घसरते किंवा फार ओढून घालावी लागते. खान्देशात मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यात त्या वेण्यांखाली घाम साचतो. इकडच्या बाईला हा प्रकार घ्यायला सांगण्यात अर्थ नाही.

खरा केस की नायलॉन

बाजारात काही शे रुपयांत मिळतं ते प्लॅस्टिकच्या धाग्याचं असतं. ते वाईट असतं असं नाही, एका दिवसासाठी चालतं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा नायलॉन मिसळून खऱ्या केसाचा भाव लावतात. ओळखायची सोपी रीत : पट्टीतून वेगवेगळ्या ठिकाणचे दोन-तीन केस काढायला सांगावे, चिमट्यात धरून डोक्यापासून आणि कपड्यांपासून लांब, वाटीवर जाळावे. खरा केस जळताना पीस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरडली तर राख होते. नायलॉनचा वितळून कडक मणी होतो, वास प्लॅस्टिकचा येतो. विकणारा हे करू देत नसेल तर तो माल तिथंच ठेवावा. नायलॉनच्या केसाला इस्त्री म्हणजे स्ट्रेटनर लावला की तो तिथंच चिकटतो, चुलीजवळ वाकलं तरी टोकं आखडतात.

रेमी आहे का ते बोटांनी समजतं. एक केस टोकाकडून मुळाकडे चिमटीत ओढला तर खडबड लागते, मुळाकडून टोकाकडे गुळगुळीत लागतो. दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत असेल तर खवले काढून थर दिलेला आहे असं धरून चालावं.

वजनही विचारावं. फक्त दाटपणा हवा असेल तर साधारण १०० ग्रॅम पुरतात, लांबी हवी असेल तर १५० ते २०० ग्रॅम लागतात. बऱ्याच ठिकाणी ‘एक सेट’ म्हणून भाव सांगतात आणि सेट ५० ग्रॅमचा निघतो. कापसाचं वजन काट्यावर बघणाऱ्या माणसानं केसाचंही बघावं, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

खुर्चीत बसण्याआधी

आपले केस किमान चार-पाच इंच तरी पाहिजेत, नाहीतर जोड झाकला जात नाही. डोक्यात उवा, लिखा, खरूज, फोड, जास्त कोंडा असेल तर आधी त्याचा उपचार, मग बाकी सगळं. जोड बसल्यावर फणी मुळापर्यंत जात नाही, औषध लागत नाही, आणि उवांना तर घरच मिळतं. डिंकाची किंवा रंगाची ॲलर्जी असू शकते. म्हणून दोन दिवस आधी कानामागे थोडासा डिंक लावून बघायला सांगावं. खाज, लाली, सूज आली तर तो प्रकार घ्यायचा नाही. एक्स्टेन्शनचा रंग आपल्याशी जुळत नसेल तर तो उन्हात, दाराबाहेर येऊन जुळवावा. पार्लरच्या पांढऱ्या दिव्याखाली सगळेच काळे रंग सारखे दिसतात.

लग्नासाठी करायचं असेल तर लग्नाच्या आदल्या दिवशी नको. आठ-दहा दिवस आधी केलं तर डोकं त्या वजनाला सरावतं, काही दुखलं-खुपलं तर दुरुस्तीला वेळ राहतो.

बसवणाऱ्या बाईला दोन प्रश्न जरूर विचारावे : तू हे कुठं शिकलीस, आणि काढूनही तूच देतेस का. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा रीतसर कोर्स आहे, खाजगी अकादम्याही आहेत. काही जणी मात्र व्हिडिओ बघून सुरुवात करतात आणि पहिला सराव गिऱ्हाइकाच्या डोक्यावर होतो. ज्या ठिकाणी बसवतात पण काढत नाहीत, तिथं जाऊ नये.

बसवताना दुखायला नको. ‘दोन दिवस ओढल्यासारखं वाटेल’ असं सांगतात. थोडं जड वाटणं वेगळं आणि कातडी ताणली जाणं वेगळं. मान वळवताना टोचत असेल, कपाळाची कातडी वर ओढली गेली असेल, बारीक पुटकुळ्या दिसत असतील तर त्याच दिवशी परत जाऊन तेवढ्या बटा काढून घ्याव्या. कानशिलाजवळचे आणि कपाळाच्या कडेचे केस सगळ्यात नाजूक, तिथं जोड देऊच नये. सतत ओढ बसली की मुळं कमजोर होतात आणि कपाळ मागं सरकत जातं. डॉक्टर याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर तिथलं मूळच मरतं, मग कुठलंही तेल उपयोगाचं नाही. घट्ट अंबाडा घालणाऱ्या जुन्या बायकांच्या कानशिलाजवळ टक्कल दिसतं ते याच कारणानं.

घरी आल्यावर

पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार ते इथं ठरतं. पहिले ४८ तास केस धुवायचे नाहीत, घाम येईल असं काम टाळायचं. डिंक आणि टेप पक्की व्हायला तेवढा वेळ लागतो.

तेल : आपल्याकडे डोकं तेलानं थबथबलेलं असलं तरच बाई निगुतीची. एक्स्टेन्शनमध्ये ही सवय सगळ्यात महाग पडते. तेल टेपचा चिकटपणा सोडवतं, केराटिनचा जोड मऊ करतं. मुळाशी तेल लावलं की आठवड्यात बटा घसरायला लागतात आणि मग पार्लरवाल्या बाईशी भांडण. तेल लावायचंच असेल तर कानाच्या खालच्या भागाला, टोकांकडे, दोन-चार थेंब हातावर चोळून. बाहेरच्या केसाला मुळाकडून तेल मिळत नाही, म्हणून टोकांना ते लागतंच. सासूबाईंना हे आधी समजावून ठेवलेलं बरं. नाहीतर पहिल्या रविवारी त्या प्रेमानं वाटी घेऊन येतील.

पाणी : तापीकाठच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. तोच थर केसांवर बसतो. आपला केस तो सहन करतो, कारण नवा केस मागून येत असतो. बाहेरचा केस मेलेलाच असतो, तो नुसता खरखरीत होत जातो. सगळं डोकं जारच्या पाण्यानं धुणं परवडत नाही, पण शेवटचा एक-दोन तांब्या फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घेतला तरी फरक पडतो. पाणी कोमट असावं, कडक नको.

धुणं : आठवड्यातून दोनदा पुरे. धुण्याआधी गुंता सोडवून घ्यावा. उभं राहून, पाणी वरून खाली सोडत धुवावं. मोरीत वाकून सगळे केस पुढं टाकून चोळले की गाठी झाल्याच म्हणून समजा. सल्फेट नसलेला सौम्य शाम्पू बोटांनी मुळाशी, कंडिशनर फक्त मधून टोकापर्यंत. कंडिशनर जोडाला लागला तर तोही तेलासारखाच घसरवतो. रिठा-शिकेकाईची पूड टाळावी, तिचे कण जोडांत अडकून बसतात. टॉवेलनं झटकायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. ओल्या केसांनी झोपायचं तर अजिबात नाही.

विंचरणं : दिवसातून दोन-तीनदा, खालून सुरू करून वर. एका हातानं मुळाशी केस धरायचे, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. फणी नको, रुंद दातांचा कंगवा किंवा मऊ ब्रश. आठवड्यातून एकदा बोटांनी मुळाशी दोन जोड एकमेकांत अडकलेत का ते चाचपून वेगळे करायचे. हे टाळलं की डोक्यालगत केसांचा नमदा बनतो, चक्क जट होते. एखाद्या घरात मग ‘देवीची जट आली’ म्हणून हळद-कुंकू वाहायला सुरुवात व्हायची. जट ही न विंचरलेल्या केसांची असते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते राज्यभर बायकांचं मन वळवून अशा जटा कापतात.

झोपताना एक सैल वेणी घालावी. उशीला साटीनची खोळ असली तर उत्तम, नसली तर जुनी रेशमी साडी, ओढणी डोक्याखाली घेतली तरी चालते. सुती खोळ केसाला घासते.

शेतात, कापूस वेचायला, मिरचीचे देठ खुडायला जाणाऱ्या बाईनं डोक्याला रुमाल बांधूनच जावं. कापसाचा पिसारा आणि मिरचीची धूळ जोडांत अडकली तर धुवूनही निघत नाही, आणि खाज सुटली तर खाजवायलाही जागा नसते. खरं बोलायचं तर रोज उन्हात काम असेल तर महिनोन्‌महिने राहणारं एक्स्टेन्शन घेऊच नये. गाडीवर जातानाही केस बांधून स्कार्फ, वाऱ्यानं होणारा गुंता सगळ्यात वाईट. प्रकाशाला तापीत डुबकी मारायची असेल तर आधी वेणी घालावी आणि घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवावं.

स्ट्रेटनर खऱ्या केसाला चालतो, पण मंद उष्णतेवर आणि जोडापासून तीन-चार बोटं लांब. जोडाला उष्णता लागली तर डिंक पाघळतो.

काढताना

आपला केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. दोन महिन्यांत जोड इंचभर खाली येतो, त्याच्या वजनानं मूळ पिळवटतं. ‘अजून चांगलं दिसतंय, राहू दे’ म्हणत चार-सहा महिने काढलेले जोड सगळ्यात जास्त नुकसान करतात. ठरलेल्या तारखेला काढायचं म्हणजे काढायचं.

घरी कात्रीनं किंवा ओढून काढू नये. टेप आणि केराटिनसाठी वेगळा द्राव येतो, तो लावला की जोड सुटतो. कडी पक्कडीनं उघडतात. काढल्यावर हातात केसांचा गोळा येतो आणि बाई घाबरते. रोज ५० ते १०० केस गळणं ही साधी गोष्ट आहे. एरवी ते फणीत निघून जातात, इथं जोडात अडकून राहतात. दोन महिन्यांचे असे केस एकदम दिसतात, एवढंच. मात्र टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी दिसली, किंवा केस मधूनच तुटलेले असले, तर ते साधं गळणं नाही. परत जोड घेण्याआधी महिना-दोन महिने डोक्याला विश्रांती द्यावी.

केस गळतात म्हणून एक्स्टेन्शन घेणार असाल तर

इथं थांबून विचार करावा. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस भसाभस गळतात आणि बहुतेक जणींचे वर्षाच्या आत भरून येतात. त्या काळात वजनदार जोड म्हणजे आधीच ढिल्या मुळांना ओढणं. रक्त कमी असणं, थायरॉईड, टायफॉईड-डेंग्यूसारखा ताप, एकदम वजन घटणं, या सगळ्यांत केस जातात. रक्ताची तपासणी काही शे रुपयांत होते. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातली गोष्ट ताजी आहे. २०२४ संपताना आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुठीनं हातात यायला लागले, शाळकरी पोरींचे पण. आधी पाण्यावर संशय गेला, आयसीएमआरचं पथक आलं, नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढं बऱ्याच जणांचे केस परत येऊ लागले. पण त्या दिवसांत कुटुंबांवर काय गुजरलं, सोयरिकी अडल्या, पोरींनी शाळेत जाणं सोडलं, याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. केस जाण्याचं कारण असं ताटातही असू शकतं. ते न शोधता वरून केस जोडणं म्हणजे मूळकुज लागलेल्या झाडाला वरून पानं बांधणं. किमोथेरपी चालू असलेल्या पेशंटसाठीही एक्स्टेन्शन नाही, त्यांना हलका टोप बरा.

खर्च, बिल आणि तक्रार

भाव गावागणिक, केसागणिक बदलतो. नायलॉनची क्लिप काही शे रुपयांत, खऱ्या केसांची क्लिप काही हजारांत, आणि मोठ्या शहरात पूर्ण डोक्याचं केराटिन काम दहा-वीस हजारांच्या पुढं कुठंही जातं. हिशेब करताना पहिला आकडा धरू नये, वर्षाचा धरावा. समजा टेपचं काम १५ हजारांत झालं आणि दर दोन महिन्यांनी वर बसवायचे ३ हजार. वर्षात पाच वेळा म्हणजे आणखी १५ हजार. त्यात वेगळा शाम्पू, ब्रश आणि धुळ्याला जाण्या-येण्याचं भाडं. केस वर्षभर टिकलेच तर हा हिशेब, नाहीतर मध्येच नवे घ्यावे लागतात. हप्त्यावर करून देतो म्हणणारे भेटतात. दोन महिन्यांत खाली सरकणाऱ्या वस्तूसाठी बारा महिन्यांचा हप्ता घेणं शहाणपणाचं नाही.

बिल मागावं, आणि त्यावर प्रकार, ग्रॅम, इंच, खरा केस की कृत्रिम आणि परत बसवण्याचा दर लिहून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान पार्लरला नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणी नसताना जीएसटी लावताही येत नाही. म्हणून बिलात जीएसटी दिसला तर त्यांचा जीएसटी नंबरही बिलावर पाहिजे. करण्याआधीचे, केल्यानंतरचे आणि काढल्यानंतरचे असे तीन फोटो मोबाईलमध्ये ठेवावे.

याचं महत्त्व दिल्लीच्या एका प्रकरणात दिसलं. २०१८ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एका मॉडेलचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२१ मध्ये २ कोटींची भरपाई दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सेवेतली चूक कायम ठेवली, पण एवढ्या रकमेचा पुरावा कुठं आहे असं विचारत ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं.

आपल्या भागात तक्रार करायची असेल तर आधी पार्लरला लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवावं, म्हणजे तारीख राहते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करावा, तिथं मराठीतही बोलता येतं. तरी काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार देता येते. ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. जखम झाली असेल, डिंकानं कातडी भाजली असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवून त्याच दिवशीचा कागद घ्यावा, आणि निघालेल्या बटा, पट्ट्या फेकून न देता पिशवीत घालून ठेवाव्या.